इनकमिंग कुणाच्या बापाचं?



'ग्राहक' हा शब्द आला की आपल्या डोळ्यांपुढं आपण स्वतः कधी येत नाही. येतो तो चष्मा लावून पावती तपासणारा, हातात कापडी पिशवी धरलेला पांढरपेशा माणूस. आपण कामगार असतो, बेकार असतो, झोपडपट्टीवाले असतो, मोर्चात असलो तर जमाव असतो. ग्राहक नसतो. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत काढली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. भेसळीवर, वजनमापातल्या लबाडीवर या लोकांनी काम केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या चळवळीचा ग्राहक महिन्याचा किराणा एकदम भरणारा होता. मुंबई ग्राहक पंचायतीचं सामानाचं वाटपच महिन्याचं. ज्या घरात तेल दहा रुपयांच्या पुडीनं येतं, रात्री आणलेली साखर सकाळच्या चहाला संपते, त्या घराची यादी कुणी केली नाही.

ती यादी आता आपणच करायची. मी सुरुवात मोबाईलपासून करतो, कारण बाकी काही असो नसो, हे एक डबडं आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

मी गोदीत माल उचलतो. जमेल तशी कविता लिहितो. शाळा दहावीपर्यंत. टेलिकॉमचा पंडित मी नाही. पण ओझं वाहणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते, ओझं किती आणि ते ठेवलंय कुणाच्या डोक्यावर. मोबाईलच्या दराचं ओझं कुणाच्या डोक्यावर आहे, ते मी इथं मोजून दाखवणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच. आम्ही बोललो तर बोलण्याचे पैसे घ्या. नेट वापरलं तर नेटचे घ्या. पण दुसऱ्या कुणी आम्हाला मारलेली हाक आमच्यापर्यंत पोचण्याचे पैसे आमच्याकडून घेऊ नका. हाक ऐकण्यावर कर बसवणारे तुम्ही कोण?

*

माझं गाव बोरी अरब. तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. कापूस, सोयाबीन, तुरीचा मुलूख. यवतमाळ म्हटलं की पेपरवाल्यांना शेतकऱ्याची आत्महत्या आठवते. ज्याच्याकडं शेतच नाही त्याची बातमी होत नाही. माझी माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, कापूस वेचायला जाते. मी मुंबईत, ती गावात. आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांची हीच रीत आहे. जवान हात पुण्या-मुंबईला, म्हातारे हात गावाला, आणि मधे एक नंबर.

मायकडं बटणाचा फोन आहे. त्याच्यावर नेट चालत नाही, तिला ते नकोही आहे. तिला कुणाला फोन लावायचाही नसतो. लावतो मीच. तिचं म्हणणं सरळ आहे, "बाबू, मले कोनाले फोन कराचा नाही. तू केला तं वाजला पायजे, बस."

वाजला पायजे. ही तिची सगळी मागणी. आणि नेमकी हीच गोष्ट कुणी सुटी विकत नाही. वाजण्यासोबत नेट बांधून देतात, एसएमएस बांधून देतात, गाणी बांधून देतात, आणि सगळ्याचे मिळून पैसे घेतात. आमच्याकडं कृषी केंद्रावर युरियाच्या पोत्यासोबत नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारतात. त्याला 'लिंकिंग' म्हणतात. त्यावर शेतकरी ओरडतो, पेपरात येतं, अधिकारी नोटिसा काढतात. मोबाईलवाल्यांनी तेच केलं की त्याला 'अनलिमिटेड प्लॅन' म्हणतात!

मुदत संपली की आधी जाणारा फोन बंद. मग काही दिवसांनी येणाराही बंद. मागच्या पावसाळ्यात मायचा फोन असाच मुका झाला. निंदण सरलं होतं, सोयाबीनची सोंगणी अजून लागली नव्हती, हाताला रोज नव्हता. मी इथून लावतोय तर बाई टेपमधून सांगते, या नंबरवर सेवा उपलब्ध नाही. शेवटी शेजारच्या पोराच्या फोनवरून कळलं, माय आठ दिवस तापानं पडून होती. विचारलं तर म्हणाली, "पैसे भरले नाही तं तुयी हाक बी बंद करून टाकते का रे ते?" कोणत्या कंपनीचं सिम होतं ते सांगून फरक पडत नाही. गणित सगळ्यांचं एकच आहे. आणि प्रश्न मायचाच बरोबर आहे. हाक माझी होती. तिचे पैसे मी माझ्या रिचार्जमधून भरले होते. मग मधल्यामधे ती अडवली कुणी?

*

हे असंच चालत आलेलं नाही, म्हणून थोडा इतिहास बघू.

३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. त्या काळात लावणाराही पैसे भरायचा आणि उचलणाराही. मोबाईल ही शेठ लोकांची चीज होती. मग १ मे २००३ पासून नवा कायदा आला, जो लावेल तो भरेल, उचलणाऱ्याला फुकट. तारीख बघा, १ मे. त्या दिवसापासून फोन हमालाच्या, मोलकरणीच्या, रिक्षावाल्याच्या हातात यायला लागला. मिस्ड कॉल ही आपल्या माणसांची बिनपैशाची तार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंग म्हणजे तू फोन कर.

२००५ च्या शेवटी 'लाइफटाइम' सिमं आली. ९९९ रुपये भरा आणि आयुष्यभर इनकमिंग घ्या. लोकांनी उसनेपासने करून ती घेतली. कंपनीच्या वहीत गरिबाचं आयुष्य किती वर्षांचं असतं ते २०१८ साली कळलं. त्या साली मोठ्या कंपन्यांनी कमीत कमी रिचार्जची अट घातली. २८ दिवसांना ३५ रुपये भरा, नाहीतर येणारा कॉलही बंद. बोभाटा झाला, ट्रायनं कंपन्यांना सांगितलं, ग्राहकाला आधी नीट कळवा. म्हणजे गळा दाबा, पण सांगून दाबा.

३५ वर ते थांबले नाहीत. एअरटेलचाच चढता जिना बघा. २०१८ मध्ये ३५. २०२१ च्या जुलैत ७९. त्याच वर्षी नोव्हेंबरात ९९. २०२३ मध्ये १५५. जुलै २०२४ मध्ये १९९. बाकीच्यांचा जिनाही चढताच. सहा वर्षांत ३५ चे १९९, सव्वापाच पटीच्या वर. निंदणाचा रोज सहा वर्षांत पाच पट झालेला कुणी पाहिलाय का? माझ्या मायनं तरी नाही.

आता कुणी विचारेल, हे २०१८ लाच का झालं? यात एक मेख आहे, ती आपल्या पोरांनी समजून घ्यावी. पूर्वी एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला की पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागं पैसे द्यायची. २०१५ पासून हा दर १४ पैसे होता. म्हणजे माझी माय नुसता फोन उचलत होती, स्वतः कधीच लावत नव्हती, तरी तिच्या कंपनीच्या गल्ल्यात पैसे पडतच होते. ती फुकटी नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. तिच्याकडून बाहेर जाणारे कॉल जास्त, तिला हा पैसा देणं जड. बाकीच्यांना तो घेणं गोड. भांडण ट्रायपुढं गेलं. १ ऑक्टोबर २०१७ पासून १४ चे ६ पैसे झाले, १ जानेवारी २०२१ पासून शून्य. मिनिटामागं येणारा पैसा आटला, तसा जुन्या कंपन्यांनी फक्त फोन उचलणाऱ्या माणसाकडं बोट दाखवलं. हा भार आहे, याला भरायला लावा किंवा हाकला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथं तिसऱ्याचा खिसा कापला.

आणि कापणारे हातही कमी झाले. एकेकाळी दहा-बारा कंपन्या होत्या. आता तीन खाजगी आणि एक बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये दोन दिवसांच्या आत तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर चढवले. अशा बाजारात 'दुसरीकडं जा' म्हणणं म्हणजे एका मुकादमाकडून दुसऱ्या मुकादमाकडं जाण्यासारखं आहे. वजन तेच, शिव्याही त्याच.

*

आता हिशेब. कागद-पेन्सिल घ्या.

१९९ रुपयांत २८ दिवस. महिना २८ दिवसांचा फक्त फेब्रुवारीत असतो, आणि कंपनीच्या कॅलेंडरात बारमाही असतो. ३६५ दिवसांत २८ दिवसांचे तेरा तुकडे पडतात. तेरा वेळा १९९ म्हणजे २,५८७ रुपये. पगार बारा, रिचार्ज तेरा. २७ जानेवारी २०२२ ला ट्रायनं हुकूम काढला की प्रत्येक कंपनीनं निदान एक-एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक-एक प्लॅन दर महिन्याच्या ठरल्या तारखेचा ठेवावा. कंपन्यांनी ठेवले. पण टपरीवर पोरगं पहिला सांगतं तो २८ चाच.

पुढं २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं आणखी एक नियम केला. फक्त बोलणं आणि एसएमएस, नेट नाही, असा एक तरी प्लॅन प्रत्येक कंपनीनं द्यावा. देशात अजून सुमारे १५ कोटी लोक साधा फोन वापरतात, हे तेव्हा ट्रायनंच नोंदवलं. वाटलं, आता मायची सोय झाली. जानेवारी २०२५ मध्ये प्लॅन आले. जिओचा ८४ दिवसांचा ४५८ रुपयांना आणि ३६५ दिवसांचा १,९५८ ला. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४९९ ला आणि ३६५ दिवसांचा १,९५९ ला. ओरड झाली, ट्रायनं तपासू म्हटलं, आणि काही दिवसांतच दर उतरले. जिओ ८४ दिवसांना ४४८ वर आली आणि वर्षाच्या जागी ३३६ दिवसांना १,७४८. एअरटेल ४६९ आणि १,८४९. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल. कुणी तपासणार म्हटलं की दर उतरतो.

पण मेख कुठं राहिली? नियमात वरची हद्द होती, ३६५ दिवस. खालची हद्द कुणी घातली नाही. म्हणून त्या जानेवारीत आलेले प्लॅन ८४ दिवसांच्या खाली उतरलेच नाहीत. नेट नको म्हणणारा माणूस कोण असतो? बहुतेक तो, ज्याच्या हातात एका वेळी शे-दोनशेच असतात. त्याला म्हणतात, नेट नको ना, मग साडेचारशे एकदम टाक. नाही? मग नेटवालाच घे.

रोजाच्या भावानं बघा. वर्षाचे १,८४९ एकदम टाकणाऱ्याला फोन दिवसाला सुमारे ५ रुपये ७ पैशांना पडतो. ४६९ टाकणाऱ्याला ५ रुपये ५८ पैशांना. १९९ टाकणाऱ्याला ७ रुपये ११ पैशांना. वर्षाला फरक ७३८ रुपये. १९९ मध्ये दोन जीबी नेट आहे, हे खरं. पण ज्या फोनमध्ये नेट उघडतच नाही त्याच्या मालकाला दोन जीबी म्हणजे आंधळ्याला आरसा. तर ज्याच्याकडं कमी त्यानं जास्त भरायचं, ज्याच्याकडं जास्त त्यानं कमी. सुटं घेणारा महाग घेतो, हा वाण्याच्या दुकानातला जुना नियम आता आकाशातल्या लहरींनाही लागू झालाय. भारतात डेटा जगात सर्वांत स्वस्तात मिळणाऱ्यांपैकी आहे, असं आपल्याला ऐकवतात. असेल. पण स्वस्त काय आहे? आतली मिठाई. महाग काय आहे? दारावरचं तिकीट. आणि आमची माय मिठाई खायला आलेलीच नाही, ती दारात फक्त हाक ऐकायला उभी आहे.

*

कुणी म्हणेल, न परवडलं तर बंद ठेवावा फोन, आपले बाप काय मोबाईल घेऊन जन्मले होते? या शहाण्यांना एकच सांगा, आता नंबर म्हणजे पत्ता झालाय.

आधार नंबरला जोडलेलं. बँक नंबरला जोडलेली. मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या आपल्या पोरांची भारत सरकारची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, आणि तिथलं दार उघडतं आधारच्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीनं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची केली. ओटीपी बाईच्या आधारच्या नंबरवर, वर नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारच्या नंबरवरही. ज्या घरात दोन फोन चालू नाहीत तिथं पंधराशे रुपयांसाठी आधी दोन रिचार्ज मारा. ओटीपी म्हणजे काय? ती पण हाकच. सरकार हाक मारतं, आणि मधे कंपनीचा माणूस दंडुका घेऊन उभा.

जास्त दिवस बंद पडलेला नंबर कंपनी परत घेते आणि दुसऱ्याला विकते. नियम असा की वापर नसला तरी ९० दिवसांच्या आत नंबर बंद करता येत नाही. शिल्लक २० रुपये असतील तर २० रुपये कापून नंबर आणखी ३० दिवस जिवंत ठेवायचा. हा नियम २०१३ पासूनचा आहे आणि कामाचा आहे, पण पॅक मारणाऱ्या माणसाच्या मेन बॅलन्सला २० रुपये असतात कुठं? आणि नंबर गेला की मग आधारचा ओटीपी भलत्याच माणसाच्या खिशात वाजतो. विटांच्या भट्टीवर, ऊसतोडीला सहा महिने गेलेलं कुटुंब परत येतं तेव्हा घर जागेवर असतं, पत्ता गेलेला असतो.

सरकारनं सक्ती केली तर सोयही सरकारनं करायची. सक्ती सरकारची आणि टोलनाका खाजगी, हा कोणता न्याय?

*

यात जातीचं काय, असं विचारणारे आपल्यातही निघतील. त्यांच्यासाठी सांगतो.

गावगाड्यात सांगावा कोण न्यायचा? मौतीची खबर परगावच्या सोयऱ्यांना कोण पोचवायचा? सरकारी कागद, पाटलाचा निरोप, रात्रीअपरात्री, नदीनाला ओलांडून? महार. वऱ्हाडात नाव दुसरं असेल, राबवणं तेच. आपले आजे-पणजे गावाचा टेलिफोन होते, दोस्तांनो. बिनतारी आणि बिनपगारी. त्याबद्दल भाकरीचा तुकडा आणि तोही मागून. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, ते या फुकटच्या राबणुकीवर. मुंबई इलाख्यातली ती वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे निरोप फुकट वाहिले, त्यांच्या नातवंडांनी स्वतःला आलेला निरोप ऐकायला २८ दिवसांला १९९ मोजायचे. वतन गेलं, पण निरोपाचा धंदा ज्यांच्या हातात जायचा त्यांच्याच हातात गेला.

दुसरी गोष्ट गोदीतली. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला. त्यातून मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. नोंदलेला कामगार हजेरीला उभा राहिला आणि त्या दिवशी बोट नसली, काम नसलं, तरी त्याला हजेरीभत्ता मिळायचा. उभं राहण्याचे, तयार असण्याचे पैसे. जुन्या कामगारांनी ते लढून मिळवलं होतं. आज मी ठेकेदाराकडं. हजेरीचा नाका गेला, नाका आता खिशात आला. मुकादमाचा फोन येतो, रात्रपाळीला चार माणसं पाहिजेत, ये. फोन वाजला तर रोज, नाही वाजला तर घरी. म्हणजे ज्या उभं राहण्याचे त्या कामगाराला पैसे मिळायचे, त्याच उभं राहण्याचे पैसे आता मी भरतो. बिगारी, नाका कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया, मर्तिकाचा बँजोवाला, सगळ्यांची हीच गत. साहेबाचा फोन बंद पडला तर त्याची करमणूक बंद पडते. आपला बंद पडला तर चूल बंद पडते.

*

कंपन्या म्हणतील, टॉवरला वीज लागते, लहरींचे लिलावात पैसे भरलेत, धर्मादाय काढलंय का आम्ही? उत्तर देतो.

९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २ फेब्रुवारी २०१२ ला त्याच कोर्टानं १२२ परवाने रद्द केले, कारण ही मालमत्ता मनमानीनं वाटली होती. म्हणजे कंपनी विहिरीची मालक नाही. ती राहाट बसवून पाणी काढणारी आहे. राहाटाची मजुरी जरूर घ्यावी. पण सार्वजनिक पाण्याला कुंपण घालू नये. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता, महाड नगरपालिकेनं तळं कागदोपत्री खुलंही केलं होतं. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, माणसं चालून गेली तेव्हा. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांच्यातलं अंतर चालूनच कापावं लागतं. ट्रायचे नियमही तसेच आहेत.

आणि पैसा नाही असं नाही. कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा सगळ्यांपर्यंत फोन पोचावा म्हणून वेगळ्या निधीत जातो. त्याचं नाव पूर्वी सार्वत्रिक सेवा निधी होतं, २०२३ च्या कायद्यानं ते डिजिटल भारत निधी झालं. तो पैसा शेवटी येतो आपल्याच रिचार्जमधून. त्यातून टॉवर उभे राहतात, तारा टाकतात, चांगलंच आहे. पण टॉवर गावात आला आणि माणसाचा फोन मुका राहिला तर सेवा पोचली कुणाला, कावळ्यांना? अमेरिका तर भांडवलशहांची राजधानी. तिथंही १९८५ पासून 'लाइफलाइन' नावाची योजना आहे. गरीब घराच्या फोनबिलात महिन्याला सव्वानऊ डॉलरपर्यंत सूट मिळते, २००५ पासून मोबाईललाही, आणि पैसा अशाच निधीतून येतो. मग इथं का नाही?

*

आता करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन भागत नाही, शिव्या तर आपल्याला पाठच आहेत.

कंपन्यांकडून शिका. कॉल तुटला तर ग्राहकाला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३, अशी भरपाई ट्रायनं १ जानेवारी २०१६ पासून लागू केली होती. एक रुपया जिवावर आला म्हणून कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि ११ मे २०१६ ला तो नियम रद्द करून घेतला. ते एका रुपयासाठी दिल्ली गाठतात आणि आपल्या वस्तीत १९८ हा तक्रारीचा नंबरही कुणाला ठाऊक नसतो.

तर १९८ लावा. तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर मागून वहीत लिहा. नंबर नाही तर तक्रार नाही. मिटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं अपील करा, त्याला फी नाही. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिथं एकटा अर्ज टाकून वाट बघत बसू नका. कंपनी सोडायची तर पोर्टचा एसएमएस १९०० ला पाठवा. रिचार्ज संपलेल्याचाही हा एसएमएस कंपनीनं जाऊ द्यायचा, असा ट्रायचा आदेश डिसेंबर २०२१ चा आहे. दुकानदार नाही म्हणाला तर तारीख सांगा.

आणि ग्राहक आयोग. २००९ साली सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानं टेलिफोनच्या तक्रारींना ग्राहक मंचाचं दार बंद झाल्यासारखं होतं, १८८५ च्या इंग्रजांच्या तार कायद्याचा आधार देऊन. १६ फेब्रुवारी २०२२ ला त्याच कोर्टानं व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात स्पष्ट केलं, मोबाईलचा ग्राहक ग्राहक आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार टाकता येते. म्हणजे बोरी अरबच्या बाईला कंपनीच्या हेडऑफिसला जायची गरज नाही, यवतमाळ पुरे. वकील लागतोच असं नाही. आधी विचारायचं असेल तर १९१५ हा सरकारी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

पण एकेकट्यानं नाही. प्रत्येक शाखेनं वस्तीतल्या बुद्धविहारात नाहीतर वाचनालयात रविवारी एक टेबल टाकावं. एक वही, एक पोरगा, एक पोरगी. कुणाचा फोन किती दिवस बंद पडला, त्यापायी काय बुडालं, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचा रोज, कुणाचा ओटीपी, तारखेसह लिहायचं. शंभर घरांची वही झाली की ती ट्रायला द्या, आमदार-खासदाराला द्या, पेपरवाल्याच्या टेबलावर आपटा. जानेवारी २०२५ ला ओरडल्यावर दर काही दिवसांत उतरले, ते विसरू नका.

वहीच्या पहिल्या पानावर या मागण्या लिहा.

एक. रिचार्ज संपला तरी येणारा कॉल आणि येणारा एसएमएस निदान एक वर्ष बंद होता कामा नये. त्याचा खर्च डिजिटल भारत निधीतून करा.

दोन. फक्त बोलण्याचा प्लॅन ३० दिवसांचाही द्या, आणि त्याचा रोजाचा भाव वर्षाच्या प्लॅनपेक्षा एक पैसाही जास्त नको.

तीन. आधार, शिष्यवृत्ती, पेन्शन ज्या नंबरला जोडलीय तो नंबर मालकाला घरच्या पत्त्यावर लेखी कळवल्याशिवाय दुसऱ्याला विकू नका.

चार. प्रत्येक रिचार्जच्या दुकानात सर्वांत स्वस्त प्लॅन मराठीत, मोठ्या अक्षरात, सर्वांत वर लावा.

यातली एकही मागणी क्रांतीची नाही, हे मला कळतं. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी चळवळ कशाला? ज्याचा फोन कधी बंद पडला नाही त्याला ही गोष्ट एवढीशी वाटणारच. आपल्या माणसांना एकमेकांपर्यंत पोचता आलं पाहिजे, त्याशिवाय सभाही भरत नाही आणि संपही होत नाही. येत्या रविवारी टेबल टाका. वही मी आणतो.